कोण कुणाचं ऐकतं

अकरा महिन्यांची नोकरी ज्याने केली नाही, त्याला मे महिना म्हणजे काय ते कळायचं नाही. केजच्या एका खासगी कॉलेजात मी आठ वर्षं कॉम्प्युटर शिकवला. दर वर्षी मे लागला की माझी नोकरी संपायची आणि जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, निघाली तर. मधला महिना मी वडिलांच्या किराणा दुकानात बसून तूरडाळ जोखायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचे. परमनंट कधी? प्रस्ताव वर गेलाय. वर म्हणजे फार वर नव्हे. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर संस्थेच्या साहेबांची खोली होती, तिथल्या टेबलावर तो पडून होता. आठ वर्षांत त्याच्यावर किती वेळा चहाचे कप ठेवले गेले असतील, हे मोजता आलं असतं तर मी तेही मोजलं असतं. मोजायची खोड मला पहिल्यापासूनच आहे.

वडिलांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायचो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, आणि तीस वर्षं तीच गादी. दुकान चालवायचा त्यांचा एकच नियम होता, दुकानात राजकारण नाही. तालुक्यात दोन पार्ट्या, आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं आमच्या पायरीला पाय लावणारी. निवडणूक आली की दोन्हीकडची पोरं पोस्टर घेऊन यायची आणि अप्पा दोघांनाही पाणी पाजून परत पाठवायचे. "दुकानदाराला पार्टी नसती बाबा," ते म्हणायचे. "काटा मधीच ऱ्हायला पायजे." मला हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. तेव्हा वाटायचं, हा भित्रेपणाच आहे, नुसतं त्याला सुविचाराचं सोवळं नेसवलंय.

ही मोबाईलवर इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट. देश खुला होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण आमच्याकडे सगळं हप्त्याहप्त्याने यायचं. आधी एसटीडी बूथ आले, मग केबल, मग मोबाईल, आणि त्यानंतर नेट कॅफे. तेव्हा एक साइट फार जोरात होती. आता ती बंद पडली, त्यामुळे नाव सांगत बसत नाही. प्रत्येकाचं एक पान, पानावर फोटो, आणि त्या पानावर कुणीही येऊन काहीही लिहावं. लिहिलेलं सगळ्या जगाला दिसायचं. पुण्यात कामाला गेलेली, बेंगळुरूला नोकरी लागलेली आमच्या तालुक्यातली पोरं तिथे दिवसरात्र पडीक असायची.

दिवाळीच्या आधी साहेबांनी मला वर बोलावलं. खोलीत मी पूर्वी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा उभी राहून परतले होते. या वेळी त्यांनी बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मॅडम, त्या साइटवर आपल्या तालुक्याची समदी पोरं असत्यात म्हणं."

"हो साहेब."

"कोण कुणाचं ऐकतं, ते काढता येईल का? हिवाळ्यात इलेक्शन हाय. भाषणाला पोरं येतात, गुलाल खेळतात, जेवतात आन जातात. मत कुणाच्या सांगण्यावरून टाकतात ते कळंना गेलंय. मला धा नावं काढून द्या. ज्यांनी म्हणलं की बाकीचे हलतात, आशी."

एवढं बोलून त्यांनी समोरची एक फाईल उचलून दुसरीकडे ठेवली. ती माझी होती. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, शहाण्याला इशारा पुरतो.

मी कामाला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडलं. आठ वर्षं पोरांना तीच तीच पुस्तकं शिकवून माझा मेंदू गंजला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी वीज असली की मी बसायचे आणि तालुक्यातल्या पानांवरचं सगळं लिहून काढायचे. कुणी कुणाच्या पानावर लिहिलं, कुणी उत्तर दिलं, कुणाचा मजकूर कुणी उचलून पुढे चिकटवला. एक्सेलच्या रकान्यांमध्ये आमचं गाव दिसायला लागलं.

पहिल्यांदा मी जो कुणी मोजेल तसंच मोजलं, कुणाच्या पानाला किती मित्र जोडलेले आहेत ते. साहेबांचा पुतण्या पहिला आला. त्याचं पान म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सच, फक्त फाटायचा नाही तेवढा. काळा चष्मा, गळ्यात साखळी, आणि खाली शंभर-शंभर पोरं: भाऊ, भाऊंचा नाद नाही करायचा. पण भाऊंनी लिहिलेलं कुणी पुढे नेत नव्हतं. येऊन हजेरी लावायची आणि निघून जायचं. मी एका पोराला विचारलंही, रोज काय लिहितोस रे त्याच्याकडे. तो म्हणाला, "न्हाई लिवलं की लक्षात ठिवतंय ते, मॅडम."

म्हणजे मी लोकांची भीती मोजत होते. ती मोजायला कॉम्प्युटर लागत नाही. रकाने पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

मग एक गोष्ट घडली. धारूरकडच्या एका वाडीतली बाई बाळंतपणात अडली आणि तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. रक्त हवं होतं, कुठल्या गटाचं ते साइटवर आलं. त्याच दिवशी पुतण्याचा वाढदिवस होता आणि मंडपात यायचं आमंत्रणही साइटवरच होतं. आमंत्रणाखाली 'नक्की येणार भाऊ' असं लिहिणाऱ्यांची रांग लागली. रक्ताच्या मजकुराखाली कुणी काही लिहिलं नाही. पण संध्याकाळपर्यंत दोन काळ्या-पिवळ्या जीप भरून पोरं अंबाजोगाईला गेली, आणि मंडपातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बाई वाचली, पोरगी झाली. मला कळलं की मोजायचं आहे ते हे.

तो मजकूर आला कुठून, ते मी मागे मागे शोधत गेले. अर्ध्या तासाच्या आत तो सात-आठ पानांवरून निघाला होता. एक पान धर्मापुरीहून शिकायला येणाऱ्या माझ्याच एका विद्यार्थिनीचं. एक धारूरच्या निवृत्त मास्तरांचं. आणि एक अप्पांचं.

अप्पांचं पान होतं हे मला ठाऊक होतं. माझा भाऊ बेंगळुरूला असतो. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि तो तिचे फोटो साइटवर टाकायचा. आठवड्यातून एकदा अप्पा दुपारचं दुकान आईवर टाकून समोरच्या नेट कॅफेत जायचे, नातीचे फोटो बघायचे, आणि घरी आल्यावर तिला आता किती दात आले ते सांगायचे. पण अप्पांना माऊस धरता येत नव्हता, मग लिहिणार कुठून? रात्री जेवताना मी विचारलं.

"अप्पा, रक्ताचा मेसेज तुम्ही टाकला होता?"

"म्या कशाला टाकू? त्यानं टाकला आसंल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बरं केलं की."

"तुम्हाला न विचारता?"

"आजारपणाचं कावून इचारायचं?"

तो म्हणजे कॅफेवाला. पण कॅफेवाला त्याला कुणी म्हणत नव्हतं. आधी त्याचा एसटीडी बूथ होता, म्हणून लोक त्याला बूथवालाच म्हणायचे आणि कॅफेलाही बूथच म्हणायचे. मी औरंगाबादला शिकत होते तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. मी बूथवर फोन लावायचे, तो म्हणायचा, "धर जरा पोरी," आणि स्वतः रस्ता ओलांडून अप्पांना बोलावून आणायचा. मी लेक्चरर झाल्यावर तो मला चिडवायला मॅडम म्हणायला लागला. मी त्याला काका म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी बूथवर गेले. चार मशीन, मधे प्लायवूडच्या फळ्या, भिंतीला गणपतीचं कॅलेंडर. टेबलावर एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती, शाळेची दोनशे पानी. तिच्यात दीड-दोनशे लोकांची नावं आणि पुढे त्यांचे पासवर्ड लिहिलेले.

"काका, हे काय?"

"पासवर्ड. लोकं इसरतात. मंग माझ्या नावानं बोंब. म्हणून म्याच काढून देतो आन म्याच लिवून ठिवतो."

आमच्याकडची ही पद्धत मी त्यानंतर कुठेच पाहिली नाही. पान माणसाच्या नावाचं, किल्ली बूथवाल्याकडे. धारूरच्या बाजूच्या वाड्यांतून रोज काळी-पिवळी यायची. जीपवाल्याजवळ लोक निरोप द्यायचे, बूथवर सांग, माझ्या पोराला लिव म्हणावं आजी बरी हाय. जीपवाला चहा पिता पिता सांगायचा, बूथवाला त्या त्या माणसाच्या पानात शिरून तसं लिहायचा, आणि पुण्यात पोराला ते आईने लिहिलेलं म्हणून पोचायचं. उत्तर आलं की संध्याकाळच्या जीपने परत. पूर्वी तो लोकांची मनीऑर्डरची फॉर्मं भरायचा, फोनवर कुणाला कसं सांगायचं ते शिकवायचा. आता हे करत होता. त्यात वेगळं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"आणि रक्ताचं? ते कुणीच सांगितलं नव्हतं."

"आजारपण, मयत, हरवलेलं माणूस आन परीक्षेचा निकाल. ह्या चार गोष्टीला म्या इचारत न्हाई. ज्याच्या पानाला पावणेरावळे जास्ती, त्याच्यावरून सोडून देतो. तुमच्या अप्पांना लोक मानतात, म्हणून त्यांच्यावरून सोडलं."

"आणि बाकी?"

"बाकी सांगंल तेवढंच. लग्नाचं न्हाई, भांडणाचं न्हाई. पार्टीचं तर म्या लिवतच न्हाई. मागं एक जण आला, म्हणला शंभर पानांवरून लिव. म्या म्हणलं, बे, हिथं लोकं जीव ठिवून गेलेत माझ्याजवळ. जा तिकडं."

स्वतःचं पान त्याने काढलंच नव्हतं. कावून म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझं हाय कोण बाहीर?"

मी घरी येऊन पुन्हा सगळं मांडलं. तालुक्यातला ज्याचा शब्द सर्वांत लांब जातो तो माणूस माझ्या यादीत कुठेच नव्हता, कारण त्याचं नावच साइटवर नव्हतं. जी पानं मला वजनदार वाटत होती, त्या सगळ्यांमागचा हात एकच होता. मला इतका आनंद झाला की मी आईला उठवून सांगायला निघाले होते. तिला काय सांगणार होते, देव जाणे.

इथपर्यंत माझ्या हातून काही वाकडं झालं नव्हतं. मी साहेबांसाठी दहा नावांची साळसूद यादी केली. पुतण्या, त्याचे दोन दोस्त, एक क्रिकेटवाला, एक गाणी टाकणारा, असे. ती द्यायची आणि विषय संपवायचा, असं ठरवूनच मी वर गेले.

साहेबांनी यादी वाचली. ते मूर्ख नव्हते, उगाच तसं रंगवायचं कारण नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"ही तर आपलीच पोरं हायत मॅडम. ह्यांचं कोण ऐकतं ते मला ठाव हाय. घरचं कुत्रं ऐकत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं खरं गणित काय म्हणतंय?"

खरं गणित. आठ वर्षांत त्या इमारतीत मला कुणी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. प्राचार्य विचारायचे ते परीक्षेच्या ड्युटीचं, क्लार्क विचारायचा तो सहीचं. आणि हा माणूस चहा मागवून, खुर्ची पुढे ओढून विचारत होता की तुम्ही मोजलं कसं. मी बोलत सुटले. मित्र मोजण्यात काय चूक आहे, भीती आणि विश्वास रकान्यात सारखेच कसे दिसतात, रक्ताचा मजकूर कसा गेला, सगळं. ते मान हलवत होते. शेवटी मी म्हणाले, "साहेब, दहा नावांची गरजच नाही. एकच माणूस आहे, आणि त्याला पान नाही."

"मंग करतो कसं?"

"त्याच्याकडे वही आहे."

"वही?"

"सगळ्यांचे पासवर्ड. निळ्या पुठ्ठ्याची."

ते शेवटचे दोन शब्द कशाला बोलले ते मला आजही कळत नाही. कुणी विचारले नव्हते. साहेबांनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि माझी फाईल पुढे ओढून सही केली. "वर धाडतो," म्हणाले. म्हणजे त्याच्याही वर कुणीतरी होतं.

जिना उतरताना मला समजलं होतं. हे लिहायलाच हवं, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की तेव्हा लक्षात आलं नाही. आलं होतं. बूथ आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडेच होता. जाऊन म्हणता आलं असतं की काका, वही घरी न्या. मी घरी गेले आणि झोपले. मला फार थकायला झालं होतं. ते थकणं खरं होतं, आणि त्याच्याआड लपणंही खरं होतं.

मतदानाला तीन दिवस असताना सकाळी बेंगळुरूहून भावाचा फोन आला. तो हसत होता. "अप्पा कधीपासून पार्टीत गेले?"

मी कॉलेजात जाऊन बघितलं. अप्पांच्या पानावर, त्यांच्या भस्म लावलेल्या फोटोशेजारी लिहिलं होतं की मी व माझं कुटुंब साहेबांच्या पाठीशी ठाम उभे आहोत, आणि माझ्या सर्व गिऱ्हाइकांना हात जोडून विनंती आहे. धारूरच्या मास्तरांच्या पानावर तेच. धर्मापुरीच्या मुलीच्या पानावर तेच. वाडीतल्या आजीच्या नावानेही तेच, आणि तिला तर अक्षरओळखही नव्हती. दीड-दोनशे पानांवरून एका रात्रीत ते साऱ्या तालुक्यात आणि तालुक्याबाहेर गेलं होतं.

अप्पांना मी काही सांगायच्या आत गिऱ्हाइकांनीच सांगितलं. दुसऱ्या पार्टीचा एक जुना माणूस आमच्याकडून वीस-पंचवीस वर्षं किराणा न्यायचा. त्याच्या लेकीच्या लग्नाचा सगळा बाजार अप्पांनी स्वतः निवडून भरून दिला होता. तो पायरीखालीच उभा राहिला.

"अप्पा, तुमी बी?"

"म्या न्हाई रे लिवलं."

"बूथवाल्यानं लिवलं की मंग. आन त्यो सांगितल्याबिगर लिवत न्हाई, हे समद्या गावाला ठाव हाय." तो रागावलासुद्धा नाही. "आसंल तुमची काय अडचण. सांगायचं तरी हुतं."

तो गेला, आणि पुढच्या महिन्याचा किराणा न्यायला आला नाही. तसे अजून काही गेले. बूथवाला कधी मनाचं लिहीत नाही, हीच लोकांची खात्री, आणि त्या खात्रीनेच अप्पा खोटे ठरत होते. माझ्या गणिताचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता.

दुपारी अप्पा रस्ता ओलांडून बूथवर गेले. मी मागोमाग गेले, ते काय बोलतील या भीतीने, आणि खरं म्हणजे तो काय बोलेल या भीतीने. बूथवाला उठून उभा राहिला.

"माझ्या नावानं तू लिवलं?"

"न्हाई अप्पा. पण वही माझ्याच हातानं गेली." त्याने लपवालपवी केली नाही. "गाळा साहेबाच्या मेव्हण्याचा हाय, तुमाला ठावच हाय. चौघं आले. च्या पाजला मला. म्हणले, निळ्या पुठ्ठ्याची वही काढ. रंगासगट ठाव हुतं त्यांना. शेजारी झेरॉक्स मारली आन आणून दिली."

"आन तू दिली."

"दिली."

अप्पा बराच वेळ त्या वहीकडे बघत होते. मी कॅलेंडरकडे बघत होते. "माझं पान काढून टाक," ते म्हणाले. बूथवाला म्हणाला, "अप्पा, नातीचे फोटू..." अप्पा म्हणाले, "टाक काढून." तो मशीनवर बसला आणि त्याने ते काढून टाकलं. दोन मिनिटं लागली. अप्पा तेवढा वेळ उभेच होते, आणि परत येताना त्यांनी रस्ता नीट बघितलाही नाही, मीच त्यांचा हात धरला.

साहेब निवडून आले. त्या मजकुरामुळे आले की एरवीही येणारच होते, ते मला मोजता आलं नाही. कुणी विचारलंही नाही.

बूथवर लोक यायचे थांबले. भांडण, दगडफेक असलं काही झालं नाही. जीपवाले चहा प्यायला दुसऱ्या टपरीवर उतरायला लागले, एवढंच. वाडीतल्या आज्यांचे निरोप पुण्याला जायचे बंद झाले. धर्मापुरीची मुलगी वर्गात मला म्हणाली की तिच्या वडिलांनी तिला नेटवर बसायची मनाई केलीय. मी तिला म्हटलं, अभ्यास कर.

होळीच्या सुमारास माझी ऑर्डर आली. कायम. अप्पांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, देव्हाऱ्यासमोर ठेवली, आणि त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. दोन किलो पेढे आणले. मला म्हणाले, समद्या आळीत दे, कॉलेजात दे. मग रस्त्यापलीकडे न बघता म्हणाले, "त्याला न्हाई दिलं तरी चालंल."

मी सगळीकडे देऊन शेवटी त्याच्याकडे गेले. चारपैकी तीन मशीनवर जुन्या चादरी टाकलेल्या होत्या. तो एकटाच पेपर वाचत बसला होता.

"अप्पांनी धाडले?" पेढा घेताना त्याने विचारलं.

"नाही. मीच आणले."

"हं." त्याने पेढा हातात धरला. "परमनंट का मंग? बेस झालं. अप्पा मागं सांगत हुते, साहेबाला लई मोठं गणित करून देतीय पोरगी. कशाचं गणित?"

"साइटवर कोण कुणाचं ऐकतं त्याचं."

"आसं बी मोजता येतं?" तो हसला. मग चिडवायच्या जुन्या सुरात म्हणाला, "आमचा नंबर कितवा आला मॅडम?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतकं खोटं पचवलं होतं, अजून एक जड नव्हतं. पण मला ते ओझं कुठेतरी टाकायचं होतं आणि समोर तोच होता.

"पहिला," मी म्हणाले.

त्याने पेढा तोंडाशी नेला होता, तो खाली घेतला. एकदा टेबलाकडे बघितलं, जिथे वही असायची. आता तिथे काही नव्हतं.

"तरीच," तो म्हणाला. "म्या इचार करीत हुतो, त्यांना रंग कसा ठाव."

मी उभीच होते. माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. तो खुर्चीतून उठला नाही, मला गप्पही केलं नाही. माझं रडणं आवरल्यावर म्हणाला, "पोरी, अप्पांना सांगू नको. माझ्यावरला राग त्यांना झेपतोय. तुझ्यावरला न्हाई झेपायचा."

कित्येक वर्षांनी तो मला पोरी म्हणाला होता. मी घरी आले आणि अप्पांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी बूथ बंद झाला आणि त्याच गाळ्यात त्याने शाळेच्या वह्या-पेनांचं छोटं दुकान टाकलं. अप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले. सकाळी मंदिरात जाताना त्यांना त्या दुकानावरूनच जावं लागायचं. बूथवाला रोज उठून उभा राहायचा, हात जोडून आम्हा लिंगायतांच्या रीतीने "शरण अप्पा" म्हणत नमस्कार करायचा, आणि अप्पा रोज मान दुसरीकडे वळवून पुढे जायचे. बऱ्याचदा कॉलेजला निघालेली मी त्यांच्या शेजारून चालत असायचे.